रणांगणावरून घरी : विल्फ्रेड ओवेनची पत्रे

आमच्या पिढीत ज्यांनी पदवीसाठी इंग्रजी विषय घेतला, त्यांना विल्फ्रेड ओवेन हे नाव अपरिचित नसते. दोन-तीन कविता, त्यांचे संदर्भासहित स्पष्टीकरण आणि परीक्षेतील एखादा ठरलेला प्रश्न, एवढ्यावर हा परिचय बहुधा संपतो. आमचाही तेथेच संपला होता. पुढे राज्य शासनाच्या सेवेत आयुष्याची तीन तपे गेली आणि निवृत्तीनंतर, हाताशी वेळ आला तेव्हा, त्या कवीने आपल्या आईला आणि घरच्यांना लिहिलेली पत्रे सलग वाचण्याचा योग आला. वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. टीकाकारांनी या पत्रांकडे बहुतांशी कवितेचा कच्चा माल म्हणून पाहिले आहे. कोणत्या कवितेचे मूळ कोणत्या पत्रात आहे, हे दाखवून देण्यातच पुष्कळांनी समाधान मानले. आमच्या मते हा पत्रांवर अन्याय आहे. पत्राचा धर्म वेगळा, कवितेचा वेगळा. आणि लढणाऱ्या मुलाने आईवडिलांना लिहिलेल्या पत्राचा धर्म तर सर्वांहून अवघड. त्या धर्माचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी चरित्रात्मक माहिती देणे आवश्यक आहे. ओवेनचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील ऑस्वेस्ट्री येथे झाला. वडील टॉम ओवेन रेल्वेच्या नोकरीत होते. आई सुझन अत्यंत धर्मनिष्ठ होती. चार भावंडांत विल्फ्रेड थोरला. काही काळ एका धर्मोपदेशकाचा मदतनीस म्हणून आणि नंतर फ्रान्समधील बोर्दो येथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून त्याने दिवस काढले. ऑक्टोबर १९१५ मध्ये तो सैन्यात दाखल झाला, जून १९१६ मध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचला. १९१७ च्या वसंतात तोफगोळ्यांच्या माऱ्याने त्याचे मन खचले, त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथेच सीगफ्रीड ससून या कवीशी त्याची भेट झाली. १९१८ मध्ये तो पुन्हा आघाडीवर गेला, ऑक्टोबरमधील लढाईबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी सांब्र-ओआझ कालवा ओलांडताना तो मारला गेला. त्या वेळी त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. मृत्यूची तार श्रूजबरीला त्याच्या आईवडिलांच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना.

ओवेनची पत्रे बहुतांशी आईला उद्देशून आहेत. वडिलांचे नाव त्यांत येते, परंतु वडिलांना स्वतंत्र पत्र क्वचितच. आपल्याकडेही असेच चालते, हे वाचकांस सांगावयास नको. मायना वडिलांच्या नावाचा, मजकूर आईसाठी. ओवेनने मायनाही आईचाच ठेवला, एवढाच फरक.

पहिला विचार करण्याजोगा दस्तऐवज म्हणजे १६ जानेवारी १९१७ चे पत्र. आघाडीवर जाऊन जेमतेम पंधरवडा झालेला. दोन्ही सैन्यांमधल्या बेवारस पट्ट्यात, पाणी भरलेल्या एका भुयारी खंदकात, आपल्या पंचवीसएक शिपायांसह त्याने पन्नास तास काढले होते. तेथून सुटल्यावर तो आईला लिहितो आणि आरंभीच सांगतो की, या दिवसांविषयी तिला फसविण्याचे कोणतेही कारण आपल्याला दिसत नाही. मग भोगलेल्या नरकाचे वर्णन येते: गुडघ्याच्या वर चढणारे पाणी, चिखल, डोक्यावर अखंड कोसळणारे गोळे. याच पत्रात एका शिपायाचा उल्लेख आहे. ओवेनने त्याला आधी आपला चाकर म्हणून ठेवले होते आणि नंतर नापसंत करून परत पाठविले होते. शेजारच्या तुकडीत पहाऱ्यावर असताना तो मेला. चाकर राहिला असता तर त्याला पहारा द्यावा लागला नसता आणि तो वाचला असता, हा हिशेब ओवेन आईपुढे मांडतो. तो रडत नाही, स्वतःला दोषही देत नाही. फक्त हिशेब मांडतो. ज्या माणसाला अपराध कोठे नोंदवावा हे कळत नाही, तो शेवटी आईच्या दप्तरी नोंदवतो, असे आम्हांस हे वाचताना वाटले.

या पत्रात आणखी एक पहारेकरी आहे. गोळ्यांपासून थोडा बचाव व्हावा म्हणून ओवेनने आपल्या पहारेकऱ्यांना जिन्यात अर्ध्यावर उभे केले होते. तरीही एक पोरगा खाली फेकला गेला आणि त्याचे डोळे बहुधा गेले, असे तो कळवतो. पत्रात यास जेमतेम एका वाक्याची जागा आहे. पुढे सुमारे दीड वर्षाने लिहून पूर्ण झालेल्या ‘द सेंट्री’ या कवितेत मात्र तोच आंधळा पोरगा केंद्रस्थानी येतो. टीकाकार म्हणतात, पत्रातील बीज कवितेत वृक्ष झाले. आम्ही थोडे निराळे म्हणू. पत्रात ते वाक्य लहान आहे, कारण समोर आई आहे. आधी आपण काय काळजी घेतली हे सांगून मगच तो अपघात सांगतो. वडीलधाऱ्या माणसाला वाईट बातमी कशी द्यावी याची रीत त्या एका वाक्यात पाळलेली आहे. कवितेला ती रीत पाळण्याचे बंधन नव्हते. म्हणून कविता मोठी आणि पत्र लहान असा निवाडा करणे बरोबर नाही. दोन्हींनी आपापले कर्तव्य केले आहे.

लढणारा मुलगा घरी सहसा खरे लिहीत नाही, अशी आपली समजूत असते. ‘इकडील सर्व ठीक, तिकडील खुशाली कळवावी’ हे वाक्य आपल्या कित्येक घरांतील ट्रंकांत असेल. ओवेनने ही प्रथा मोडली. मिसलटो या वनस्पतीचे नाव पत्रात आले की पुढील अक्षरांतून आपले ठिकाण जुळवून घ्यावे, अशी सांकेतिक खूणही त्याने आईशी ठरवली होती. लष्कराने लपविण्यास सांगितलेले ठिकाणदेखील आईपासून लपविणे त्याला नको होते. मे १९१७ मध्ये इस्पितळातून लिहिताना, धर्मनिष्ठ आईच्या मुलाने शस्त्र धरावे की ख्रिस्ताची आज्ञा मानून ते टाकावे, हा पेचही त्याने तिच्यापुढेच ठेवला. ज्या आईने धर्म शिकविला तिलाच तो विचारतो की, हे दोन्ही एकत्र कसे नांदावे. हा प्रश्न आईस किती जड गेला असेल, याची कल्पना करवत नाही. खरे सांगण्यातही एक प्रकारचा स्वार्थ असतो. आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देण्याचा. ओवेनच्या पत्रांत तो नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

इतरही उणिवा आहेत आणि गुणग्राहकतेच्या भरात त्या झाकणे योग्य नव्हे. आरंभीच्या पत्रांत साहित्यिक ऐट आहे, स्वतःकडे आरशात पाहण्याची सवय आहे. सर्वांत खटकते ते हे की, सामान्य शिपायांविषयी, गिरण्यांच्या गावांतून आलेल्या त्या पोरांविषयी, तो प्रथम तुच्छतेने लिहितो. जणू ते चेहरा नसलेले गोळे आहेत. अधिकारी वर्गात नव्याने शिरलेल्या मध्यमवर्गीय तरुणाची ही भाषा आम्हांस परकी वाटली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसांविषयी आम्ही घरी जे बोललो असू, ते आज आठवू नये असे वाटते. पण ही पत्रे क्रमाने वाचण्याचा लाभ असा की, माणूस बदलताना दिसतो. ऑक्टोबर १९१८ च्या पत्रात, लढाई संपवून आल्यावर, तो आईला सांगतो की आपण या पोरांच्या साहाय्यासाठी परत आलो: प्रत्यक्षपणे त्यांचे नेतृत्व नीट करून आणि अप्रत्यक्षपणे त्यांची दुःखे पाहून, म्हणजे त्यांच्या वतीने वकिलाप्रमाणे बोलता यावे. वकील हा शब्द त्याचाच. दोन वर्षांपूर्वी ज्यांना चेहरा नव्हता, त्यांचे वकीलपत्र त्याने घेतले. हा बदल कवितांवरून जाणवतो खरा, परंतु तो टप्प्याटप्प्याने कसा घडला याची साक्ष पत्रेच देतात. आमच्या मते पत्रसंग्रहाचे खरे मोल येथे आहे.

पत्राच्या खरेखोटेपणाची जाण ओवेनला किती होती, हे त्याच्या दोन कवितांवरून कळते. ‘द लेटर’ मध्ये एक शिपाई पत्नीला खुशालीचा ठरीव मजकूर लिहीत असतो आणि लिहिता लिहिताच त्याचा अंत होतो. ‘एस. आय. डब्ल्यू.’ मध्ये मुलाच्या मानाची फार चिंता करणारे आईबाप आहेत, आघाडीवर स्वतःच्याच हाताने संपलेला मुलगा आहे आणि शेवटी आईला समाधान वाटेल असे जे कळविले जाते, त्यातील विदारक श्लेष आहे. हाताखालच्या शिपायांची पत्रे वाचून, आक्षेपार्ह मजकूर खोडून पुढे धाडण्याचे काम त्या काळी ओवेनसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांकडेच असे. म्हणजे शेकडो घरांना जाणारी खुशाली त्याच्या डोळ्यांखालून गेली होती. खुशालीच्या मागे काय असते हे जाणणारा माणूस स्वतः कशी खुशाली लिहितो, ते त्याच्या अखेरच्या पत्रात पाहावयास मिळते.

हे पत्र ३१ ऑक्टोबर १९१८ चे. ओर्स गावाजवळच्या वनरक्षकाच्या घरातील तळघरातून सायंकाळी लिहिलेले. तळघर धुराने भरलेले, माणसे दाटीवाटीने बसलेली. कोणी लाकडे फोडतो आहे, कोणी बटाटे सोलतो आहे, कोणी हसतो आहे. ओवेन एकेकाचे चित्र रेखाटतो. त्यात आता तुच्छतेचा लवलेश नाही. आपण मित्रांमध्ये आहोत, याहून चांगली सोबत नाही, अशा आशयाने तो पत्र संपवतो. परंतु आम्ही थबकलो ते एका वाक्यापाशी. तळघरात भय नाही असा निर्वाळा देऊन तो लगेच त्याला काळाची अट जोडतो: भय असलेच, तर आईच्या हाती हा कागद पडेपर्यंत ते सरून गेलेले असेल. हे वाक्य खोटे नाही. मुलगा जगला तरी ते खरे, मेला तरी खरे. आईशी खोटे बोलावयाचे नाही आणि तिला घाबरवायचेही नाही, या दोन अटींत बसणारे वाक्य शोधून काढण्यास त्याला दोन वर्षे आणि एक युद्ध लागले. जानेवारी १९१७ चा ओवेन सारे ओझे आईवर टाकत होता. हा ओवेन ते स्वतःपाशी ठेवून तिला फक्त तळघरातील ऊब पाठवतो. चौथ्या दिवशी तो गेला.

त्या आईचेही एक पत्र सुदैवाने उपलब्ध आहे आणि ते आपल्या देशाशी नाते सांगणारे आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी सुझन ओवेनने रवींद्रनाथ ठाकुरांना लिहिले. मुलगा अखेरचा निरोप घेऊन आघाडीवर निघाला तेव्हा त्याने ठाकुरांच्या ओळी म्हटल्या होत्या. पुढे त्याची टिपणवही परत आली, तेव्हा तीत त्या ओळी त्याच्या अक्षरात, खाली कवीचे नाव घालून लिहिलेल्या आढळल्या. ही संपूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, असे ती माउली विचारते. इंग्रजी ‘गीतांजली’तील ते ९६ वे गीत. ज्या मुलाने तिला वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, त्याचे शेवटचे बोलणे पुरे समजून घेण्यासाठी तिला एका अनोळखी परदेशी कवीस पत्र टाकावे लागले.

आता पत्रांच्या संपादनाविषयी. ओवेनची समग्र पत्रे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. संपादक होते त्याचे धाकटे बंधू हॅरॉल्ड ओवेन आणि जॉन बेल. हॅरॉल्ड यांनी थोरल्या भावाची प्रतिमा जपण्यासाठी, कुटुंबाच्या अब्रूसाठी, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी मूळ कागदावर खाडाखोड केली, तर काही ठिकाणी कात्री चालविली. २०२३ मध्ये जेन पॉटर यांनी निवडक पत्रांची नवी आवृत्ती सिद्ध केली, तीत खोडलेला काही मजकूर पुन्हा वाचून दाखल केला आहे. जो भाग कात्रीने गेला, तो मात्र गेलाच. आयुष्यभर सरकारी दप्तर सांभाळलेल्या आमच्यासारख्याला याचा संताप येणे साहजिक आहे. मूळ कागदास हात लावू नये, हा कचेरीतील पहिला धडा. परंतु हॅरॉल्ड यांना सरसकट दोषी ठरविण्यापूर्वी आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९७१ च्या डिसेंबरात आम्ही शाळकरी वयाचे होतो. शेजारच्या घरातील मुलगा पूर्वेच्या आघाडीवर होता. त्याची अंतर्देशीय पत्रे येत, त्यावर गावाचे नाव नसे, केवळ ‘९९ ए. पी. ओ.’ असे. वडिलांना जेमतेम अक्षरओळख, आईला तीही नाही. वाचण्याचे काम आमच्याकडे. एक पत्र युद्ध संपल्यावर काही दिवसांनी आले. काकांनी आम्हांस अंगणातच गाठले, पत्र आधी हळू आवाजात वाचून घेतले. हाताला गोळी चाटून गेल्याचे आणि शेजारचा सोबती गेल्याचे त्यात चार-पाच ओळींत लिहिले होते. काका म्हणाले, ‘एवढं तेवढं आत वाचू नकोस.’ आम्ही आत जाऊन तीर्थरूप बाबांस व सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कारापासून खुशालीपर्यंत सारे वाचले आणि त्या ओळी गाळल्या. काकूंनी पत्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘बाळ, कागद तर सगळा भरलाय. तुझं वाचणं एवढ्यातच संपलं व्हय?’ आम्ही काही बोललो नाही. काकांनीही काही म्हटले नाही. काकूंनी पत्राची घडी घातली आणि देवघरातल्या डब्यात ठेवली. मुलगा सुखरूप परतला. पण त्या दिवशी पत्रास कात्री आम्हीच लावली होती, आणि ज्यांच्यासाठी लावली त्यांना ती निरक्षर असूनही दिसली होती.

एक फरक मात्र आहे. आम्ही ओळी गाळल्या, पण कागद शाबूत राहिला. काकूंच्या डब्यात सत्य होते; कोणी वाचून दाखवील तेव्हा ते कळणार होते. हॅरॉल्ड यांनी पुढच्या वाचकांपासून तो हक्कच काढून घेतला. मायेने गाळणे क्षम्य आहे, मायेने नष्ट करणे क्षम्य नाही, असा आमचा निवाडा आहे.

ओवेन ज्या फ्रान्समध्ये लढला, तेथे त्याच्याही आधी, १९१४ च्या शरद ऋतूत, लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनचे हिंदी शिपाई उतरले होते. न्यूव्ह शापेल आणि लूस येथे ते लढले. त्यांच्याही घरी आईबाप होते आणि तेही पत्रे लिहीत, बहुधा लिहिता येणाऱ्या सोबत्याकडून लिहवून घेत. ही पत्रे लष्करी तपासनिसांच्या कचेरीत उघडली जात आणि निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांस अहवालासोबत सादर होई. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी या अभ्यासकाने त्यांतील निवडक उतारे १९९९ मध्ये पुस्तकरूपाने छापले. त्यांत शिपाई युद्धाला महाभारताची उपमा देतात, फ्रान्समधील शेती आणि तेथील शिकलेल्या स्त्रिया यांचे कौतुक करतात, धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका असे आडून सुचवतात. काळी मिरी आणि लाल मिरची अशा घरगुती शब्दांआडून हिंदी आणि गोऱ्या पलटणींची हानी कळवतात. मिसलटोची खूण ठरविणारा ओवेन आणि मिरीची भाषा बोलणारा हा शिपाई यांत आम्हांस अंतर दिसत नाही.

अंतर आहे ते पुढच्या कथेत. ओवेनची पत्रे आईने जपली म्हणून राहिली. आपल्या शिपायांच्या पत्रांतले हे जे काही आज वाचावयास मिळते, ते आईबापांनी जपले म्हणून राहिलेले नाही, तपासनिसाला दखलपात्र वाटले म्हणून राहिले. टिपण कसे तयार होते हे आम्ही जाणतो. वरिष्ठांना जे हवे ते त्यात उतरते, उरलेले मूळ कागदातच राहते. ‘गाय व्याली का’, ‘आईचा गुडघा कसा आहे’ यांसारखे प्रश्न कोणत्या तपासनिसाने भाषांतरासाठी निवडले असतील? याच युद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे तुर्कांच्या स्वाधीन झाले. आज मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावात आहे, शौर्याचे फलक आणि पदके आहेत. परंतु त्या माणसांनी आपल्या भाषेत घरी काय लिहिले, हे सांगणारे कागद असलेच तर ते केवळ घराघरांत असतील.

म्हणूनच या लेखाचा शेवट आम्ही वाचकांस एका विनंतीने करू इच्छितो. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी फौजेत गेलेले आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या घरांत तर संस्थानी फौजांपासूनची परंपरा आहे. माळ्यावरची ट्रंक रद्दीत काढण्यापूर्वी एकवार उघडावी. अंतर्देशीय पत्र, पोस्टकार्ड, पाकीट, जे सापडेल ते पाकिटासह ठेवावे, कारण शिक्क्यावर तारीख असते. मोडी अक्षर असेल तर जाणकाराकडून वाचवून घ्यावे. कुटुंबाला अप्रिय वाटणारा मजकूर प्रसिद्ध करू नये असे वाटल्यास करू नये, परंतु तो फाडू नये. आणि घरातील एखादी वृद्ध स्त्री कागद हातात घेऊन, वाचणे एवढ्यातच का संपले असे विचारील, तर आता तरी राहिलेल्या ओळी तिला वाचून दाखवाव्यात. आमच्या काकूंना त्या ओळी आम्ही वाचून दाखविल्या नाहीत. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षे झाली.